नख अडकतं तिथे

नैताळ्याहून पहिल्या एसटीने आल्या यमुनाबाई बोरस्ते.
पायाशी उभा धरलेला रॉड, सव्वातीन फुटी,
जुन्या चादरीत गुंडाळून वर सुतळीचे वेढे.
"कंडक्टर म्हणतो, मावशी, बंदूक का काय?
म्हटलं, ट्रॉलीचा गुडघा आहे रे. फाड सामानाचं तिकीट."

सातपूरच्या शेडमध्ये टेबलावर चादर सोडली.
आधी वास आला, जळक्या तेलाचा. मग तो.
एका बाजूने अजून आरसा,
दुसऱ्या बाजूने देवी येऊन गेलेला चेहरा.
क्रोमचे पापुद्रे सुटलेले, खाली मोहरीएवढाले खड्डे,
आणि वर-खाली होताना प्रत्येक खड्ड्याच्या धारेने
सीलचा ओठ कापलेला.
"वर्षात तीन सीलं झाली. पोरगं म्हणतं, ट्रॅक्टरच विका आता,
माझ्याहून म्हातारा आहे.
मी म्हटलं, आधी विचारून येते."

मी नख फिरवलं.
मायक्रोमीटर नंतर. आधी नख.
ही दगू मिस्त्रींची शिकवण:
मापाला चष्मा लागतो, नखाला लागत नाही,
अडकलं की काम बाकी.
अडकलं. बोटभर पुढे पुन्हा.
पिंपळगावच्या मार्केटात किती कांदा ओतला असेल या काठीने,
आणि किती पावसाळे बांधावर काढले असतील, अर्धी बाहेर, उघडी.
ट्रॉली वर करून ठेवू नका, हे मी सगळ्यांना सांगतो.
कोणी ऐकत नाही.
माझा धंदा त्यावर चालतो.

अंबडला टाकीत क्रोम उतरवून आणलं.
राखाडी लोखंड, अंघोळीहून अवघडून बाहेर आल्यासारखं.
लेथवर चढवलं तेव्हा डोळ्याच्या वेल्डजवळ दिसले
पंचाचे दोन ठिपके.

मिस्त्रींचे तीन असायचे.
दोन माझे.

एकतीस वर्षं झाली. मिस्त्री पुतणीच्या लग्नाला चांदवडला,
गिऱ्हाईक दारात उभं, ट्रॉली भरलेली,
आणि मी एका खोल खड्ड्यात पितळ भरलं,
घासलं, चकाकवलं, वरून क्रोम चढवून घेतलं.
नख सरळ गेलं होतं.
नखालाही फसवता येतं, हे त्या दिवशी कळलं
आणि कोणाला सांगितलं नाही.

पितळ तसंच होतं. दाढेतल्या सोन्यासारखं, पिवळं, धडधाकट.
भोवतीचं लोखंड मात्र त्याने खाल्लेलं.
गंज तिथून निघाला होता
आणि हळूहळू गावभर झाला होता.

फोन केला. सांगून टाकलं.
पलीकडे ब्लोअरचा आवाज, मग तो बंद झाला.
"म्हणजे सासऱ्यांनी आणला असेल तुमच्याकडे.
गेले ते. तुमच्या कामाला नावं ठेवताना तरी ऐकलं नाही."
थोडं थांबून, "मग निम्मे घ्या."
निम्मे नाही, वेल्डचे सोडतो, म्हटलं.
अर्धा तास चाललं.
शेवटी दोघंही थोडे नाराज, म्हणजे भाव बरोबर.

पितळ कोरून काढलं, शेवटच्या पिवळ्या कणापर्यंत.
वेल्ड घाई न करता भरलं, एक थर, थंड होऊ दे, दुसरा थर.
लेथ, ग्राइंडर, पुन्हा अंबड, रात्रभर टाकी,
पुन्हा ग्राइंडर, पाणी सोडून, दगड जेमतेम टेकवत.
ठिपके राहू दिले.
तिसरा मारावासा वाटला.
पंच हातात घेतला, परत ठेवला.

शनिवारी आल्या. चादर धुतलेली.
रॉड उजेडाकडे धरून आधी त्यात आपला पदर नीट केला,
मग मी काही म्हणायच्या आत
बोर्डोने निळसर पडलेलं अंगठ्याचं नख टेकवलं
आणि या टोकाकडून त्या टोकाकडे नेऊ लागल्या,
सावकाश, द्राक्षाच्या घडावरचं पाणी निपटावं तसं.

मध्यावर नख थांबलं.

लेथ बंद होता. बाहेर कोणाचा तरी टेम्पो रिव्हर्स घेत होता.
त्यांनी अंगठा डोळ्यांजवळ नेला.
"काही नाही हो," म्हणाल्या,
"माझंच फाटलंय."